शिवडीला फ्लेमिंगो नव्हते

१

ऑक्टोबरमधला तो सोमवार अगदी साधा होता. बाबा खिडकीशी बसून नव्या बुटांच्या नाड्या बांधत होते. आयुष्यभर चपला घातलेला माणूस. गिरणीत लूमवर उभं राहतानाही पायात चपलाच. पण मध्यंतरी ते दादरहून कॅनव्हासचे बूट घेऊन आले.

"चप्पल पायातून सुटते नि माका कळतच नाय गो," ते म्हणाले. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

"बाबा, आता पुरे करा ना ती टूर."

"मी पुरे केली तर गिरणगाव कोण दाखवणार त्यांना? तू? तू त्यांना पुस्तकांची नावं सांगशील."

मी दादरला ग्रंथपाल आहे. हा टोमणा घरात जुना होता.

गिरणी बंद झाल्यावर बाबांनी बरीच कामं केली, पण जीव रमला तो या शेवटच्या कामात. पूर्वी नावाच्या मुलीच्या टूर कंपनीत ते गाइड होते. एक गाडी, एकच कुटुंब, दिवसभराची मुंबई. सकाळी कफ परेडचं मच्छीमार नगर, मग लालबाग-परळच्या गिरण्यांच्या चिमण्या, फणसवाडी आणि शेवटी गिरगावातल्या एका वाडीत जेन आंटींच्या व्हरांड्यात घरची वाइन आणि चीज. धोंडू पालव हे नाव परदेशी जिभेला पेलत नाही म्हणून पाहुणे त्यांना 'मिस्टर डी' म्हणत. बाबांना ते फार आवडायचं.

चहा पिऊन त्यांनी स्वतःचा स्टीलचा पेला स्वतःच धुतला आणि खिडकीत वेगळा ठेवला. जूनपासून ते झोपतही गॅलरीत होते. घोरतो, म्हणाले. म्हातारपणी माणूस तऱ्हेवाईक होतो, एवढंच मी मनात म्हटलं.

"उद्याची टूर झाली की बुधवारी परत शिवडीला जाऊन येईन," ते म्हणाले.

"फ्लेमिंगो?"

"फ्लेमिंगो."

मी पुस्तकातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, मी क्रिस. जेन आंटीचा भाचा. तुमचे पप्पा आमच्या व्हरांड्यात पडलेत. तोंड वाकडं झालंय. तुम्ही डायरेक्ट हॉस्पिटलला या."

२

मी पोचले तेव्हा ते बोलत नव्हते. संध्याकाळपर्यंत ते गेले.

मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणलं तेव्हा रक्तदाब भयंकर होता. बीपीची गोळी चुकली होती का, असं त्यांनी विचारलं. बाबांना बीपी नव्हतंच. आमच्या खालच्या दवाखान्यात तपासलं की डॉक्टर कौतुक करायचे, तरण्याचं बीपी आहे म्हणून.

पोस्टमॉर्टेम नको, हे माझा धाकटा भाऊ निलेशनेच सांगितलं. त्या क्षणी मलाही ते बरोबर वाटलं. अंत्यसंस्कार झाले आणि मग त्याच्या डोक्यात घुसलं की बाबा वाइनच्या टेबलावर पडले होते.

"घरात गाळलेली दारू आहे ती, ताई. ना लायसन, ना तपासणी. धडधाकट माणूस दोन तासांत जातो?"

त्याने तक्रार दिली. पोलिस जेन आंटींच्या काचेच्या बरण्या उचलून घेऊन गेले. सत्तरी उलटलेल्या त्या बाईला चौकीत बसवून ठेवलं. तपासणीचा अहवाल यायला महिने लागतील, असं कळलं. तोवर वाडीतली पोरंही त्यांच्या फाटकासमोरून जाताना गळा धरून मरायचं सोंग करू लागली.

"रविवारी शोकसभा आहे," निलेश म्हणाला. "मंडळाच्या हॉलमध्ये पेपरवाले बोलावलेत. सगळ्यांसमोर सांगणार, त्या बाईवर मनुष्यवधाची केस लागली पाहिजे."

"आणि तिने काही केलं नसेल तर?"

"मग बाबा कशाने गेले? तू सांग."

ते मला सांगता येईना. रविवारपर्यंत सांगता यायला हवं होतं.

३

टूर चालवणाऱ्या पूर्वीचं ऑफिस दादरला, माझ्या वाचनालयापासून चालत जाण्याएवढं. ती मला पाहून उठून उभी राहिली.

"मेघनाताई, आधीच सांगते, लोक काहीही बोलतायत. मी काकांना काढणार होते वगैरे. एकदम बकवास आहे. ॲपवरची ऑडिओ टूर चालू करायची होती, पण आवाज काकांचाच घेणार होते."

"तुझ्या टूरमध्ये ते वाइन घ्यायचे?"

"आधी घोटभर घ्यायचे, पाहुण्यांना कंपनी म्हणून. पावसाळ्यापासून बंद. मला म्हणाले, कोलेस्टेरॉल निघालंय, चीज आणि वाइन दोन्ही बंद." "तुम्हाला माहीत असेल ना?"

मला माहीत नव्हतं. घरी त्यांनी पित्त सांगितलं होतं. पूर्वीने गेल्या दिवाळीत डबाभर चीज पाठवलं, ते बाबांनी चवीने खाल्लं. पावसाळ्यात दुसरा डबा आला तेव्हा तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. "पित्त होतं," म्हणाले.

"पण मग त्या फोटोत कसा ग्लास आहे त्यांच्या हातात?" पूर्वी म्हणाली.

"कुठल्या फोटोत?"

"नेरिसाच्या. त्या दिवशीच्या गेस्टच्या. निलेशदादाने तोच तर पोलिसांना दिलाय. काकांच्या हातात लालभडक भरलेला ग्लास आहे."

४

नेरिसा टोरोंटोची. तिची आजी गिरगावातली, म्हणून ती नवऱ्याला घेऊन आजीची गल्ली पाहायला आली होती. पोलिसांनी शहर सोडू नका सांगितल्यामुळे दोघं कुलाब्याच्या हॉटेलात अडकून बसली होती. तिचं मराठी आजीकडून आलेलं, तुटक पण गोड.

"तुझे बाबा फार छान होते. मला विचारलं, तुझी आजी भांडायची का? मी म्हटलं, खूप. तर म्हणाले, मग ती खरी गिरगावची."

मी फोटो मागितला. तिने फोन पुढे केला. व्हरांडा, नक्षीची लाकडी कमान आणि तिच्याखाली बाबा ग्लास उंचावून उभे. ग्लासात लाल पेय. हा फोटो निलेशने मला दाखवला नव्हता.

"तुम्ही दोघांनी त्याच बाटलीतली प्यायलीत?"

"त्याच. आम्हाला काहीच झालं नाही. पोलिसांना सांगितलं तर ते म्हणाले, तुम्ही तरुण आहात."

मी फोटो मोठा करत गेले. चेहऱ्यापाशी थांबायचा मोह टाळून खाली ग्लासावर आले. तळाशी बारीक, तपकिरी कण साचले होते.

वाइनच्या तळाशी गाळ बसतो, पण तो असा दाणेदार नसतो. हे भरडलेलं जिरं होतं. ग्लासात कोकमाचं सरबत होतं. पाहुण्यांना एकटं पिणं अवघड वाटू नये म्हणून वाइनच्या ग्लासात कोकम घेऊन उभा राहणारा माणूस मला त्या कणांत स्पष्ट दिसला.

म्हणजे वाइन नव्हे. पण मग काय?

"त्यांनी काही खाल्लं?"

"आमच्याबरोबर नाही. म्हणाले, मंगळवारचा उपास आहे." नेरिसाने कपाळाला आठी घातली. "पण एक विचित्र होतं. सकाळी मच्छीमार नगरात त्यांच्या ओळखीच्या एका मावशीने, कमलाबाई, कागदात काहीतरी बांधून दिलं. ते त्यांनी खिशात घातलं. आणि दुपारी आम्ही चीज खात होतो तेव्हा आतून एवढा वास आला की माझ्या नवऱ्याने खिडकी लावली."

"कसला वास?"

"जळका. खारट. आजीच्या घरी यायचा. फिश."

उपास असलेल्या माणसाच्या खिशात मासा होता.

५

जेन आंटींच्या फाटकाशी क्रिसने मला अडवलं.

"तुमच्या भावाने एवढं केलं ते पुरे नाही काय? आंटी जेवत नाही. चर्चला जायची पण बंद झाली. लोक बाजूला सरकतात, माहितीय?"

"बाबांनी वाइन प्यायली नव्हती, क्रिस. मला कळलंय ते."

तो थोडा नरमला. "ते मी पोलिसांना शंभर वेळा बोललो. चीज मी स्वतः आणतो, अंकलने ते तोंडात नाही घातलं. मला बोलले, मोत माउलीला नवस केलाय, वर्षभर दारू नाही, चीज नाही. नवस म्हटल्यावर मी कशाला फोर्स करू?"

आत जेन आंटी जुन्या खुर्चीत बसल्या होत्या. भिंतीवर पवित्र कुटुंबाचं चित्र, खाली देव्हाऱ्यासारखा अल्तार, तेवती वात. मला पाहून त्यांनी हात पुढे केला.

"आंटी, बाबा आत काय खात होते?"

"आपला डबा. भात होता. खारा बांगडा आणला होता, कमलाबाई त्याच्यासाठी जुना, मोठा राखून ठेवते तो. तव्यावर भाजला. नेहमीचंच, बाय."

"मग उपास, नवस, हे सगळं का सांगत होते?"

त्यांनी मान फिरवली. "ते मला नको विचारू. तुझ्या बापसाने मला शपथ घातलीय."

"आंटी, रविवारी माझा भाऊ तुमचं नाव घेणार आहे. तुमच्यावर केस होईल."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "शपथ मेलेल्या माणसाबरोबर मरत नाही."

६

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचनालय उघडायच्या आधी मी एकटी बसले आणि विचार करायचा प्रयत्न केला.

पूर्वीला कोलेस्टेरॉल. मला पित्त. क्रिसला नवस. नेरिसाला उपास. ज्याला जे पटेल, ज्यावर तो पुढे प्रश्न विचारणार नाही, नेमकं ते. गाइड म्हणून बाबा हेच करायचे. समोरचा माणूस बघून गोष्ट बदलायचे. पण चारही गोष्टी एकाच जागी येऊन थांबत होत्या. चीज नाही, वाइन नाही. हे त्यांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते कोण हे लपवायचं होतं.

मग पेला. गॅलरीतली झोप. चप्पल पायातून सुटली तरी न कळणारा पाय. सगळं जूननंतरचं.

आणि शिवडी. मी कपाटातून पक्ष्यांवरचं पुस्तक काढलं, खरं तर गरज नव्हती. शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो येतात ते थंडीच्या सुरुवातीला, आणि पाऊस लागला की निघून जातात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्या चिखलात एकही फ्लेमिंगो नसतो. माझे वडील पाच महिने शिवडीला न आलेले पक्षी बघायला जात होते आणि मी, जिच्या हाताशी हे पुस्तक होतं, मान डोलावत होते.

शिवडीत गोद्या आहेत, गोदामं आहेत. आणि मुंबईत सगळ्यांना माहीत असतं ते आणखी एक ठिकाण आहे, ज्याचं नाव आमच्या लोकांत दबक्या आवाजात घेतात.

मी रजा टाकली आणि परत गिरगावात गेले.

"आंटी, तुम्ही काही सांगू नका. मी सांगते. बाबा शिवडीच्या इस्पितळात जात होते."

जेन आंटींनी वात पुढे सारली. मग उठल्या, अल्तारखालचा खण ओढला आणि त्यातून गोळ्यांच्या पट्ट्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्या.

"घरात ठेवल्या तर तुला दिसतील म्हणाला. सकाळी इथे येऊन घ्यायचा. माझ्या नवऱ्याला, सेबॅस्टियनला, तोच रोग झाला होता, मला कसली भीती? डॉक्टरने सांगितलं होतं चीज नाही, वाइन नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघायची, बाय. एक तुकडा त्याच्या तोंडात जाऊ दिला नाही."

"मग गेले कसे?"

"तेच मी रोज देवाला विचारते."

७

बुद्धभूषण माझा शाळेतला वर्गमित्र, परळला छातीचा डॉक्टर आहे. त्याने पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या.

"साध्या टीबीचं औषध नाही हे. नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही त्या टीबीचं आहे. ही बघ, लिनेझोलिड. हिने पाय बधिर होतात. काका चपला सोडून बूट घालायला लागले होते का?"

मी मान डोलावली.

"तू एक्स-रे काढून घे. औषध चालू झाल्यावर त्यांच्यापासून फारसा धोका नसणार, पण त्याआधीचं कोण सांगणार? खोकला आहे तुला?"

"माहीत नाही," मी म्हणाले. तो प्रश्न ऐकल्यापासून घसा खवखवायला लागला होता. "बुद्धभूषण, चीज आणि वाइन का बंद?"

"जुनं, मुरलेलं खाणं या गोळीबरोबर चालत नाही. त्यातल्या एका द्रव्याने रक्तदाब एकदम वर जाऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. म्हणून सांगतात, चीज नको, वाइन नको."

"फक्त तेवढंच?"

"तेवढंच का? मुरवलेलं सगळंच. पण पुस्तकं परदेशी, त्यांची उदाहरणंही परदेशी. घाईत असलेला डॉक्टर तीच सांगतो. मीही तीच सांगतो."

"आणि खारा बांगडा?"

बुद्धभूषणने हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

"मिठात मुरवून ठेवलेला? जुना?"

"मच्छीमार नगरातली एक बाई द्यायची. त्यांच्यासाठी मुद्दाम जुना राखून ठेवायची. मोठा. भाजून भाताबरोबर खायचे."

त्याने पट्टी परत उचलून तिच्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "आता खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही, मेघना. शपथेवर मी सांगणार नाही. पण बीपी नसलेला माणूस, ही गोळी पोटात, आणि अख्खा जुना खारा बांगडा. मला दुसरं काही शोधायची गरज वाटत नाही."

मी जिना उतरून खाली आले. बाबांनी पथ्य मोडलं नव्हतं. समोर ठेवलेलं चीज त्यांनी हसत हसत परतवलं, वाइनच्या ग्लासात कोकम घेतलं. जे सांगितलं ते सगळं पाळलं, आणि मग आत जाऊन, जपलो म्हणून खुशीत, आपल्या मालवणच्या आईच्या हातच्यासारखं खाणं खाल्लं. ते पथ्यात येतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्याच्याही मनात आलं नव्हतं.

जेन आंटींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तवा माझाच होता, ना?"

"हो. पण मी तिथे असते तर मीही तवाच दिला असता, आंटी."

८

रविवारी सकाळी हॉलच्या मागच्या जिन्यात मी निलेशला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी पायरीवर बसला.

"मला का नाही सांगितलं बाबांनी?"

"आपल्याला दोघांनाही नाही."

"मी रोज फोन करायचो. तब्येत विचारायचो. मस्त आहे म्हणायचे." त्याने तोंडावरून हात फिरवला. मग त्याचा आवाज बदलला. "ठीक आहे. मी त्या बाईचं नाव घेत नाही. तक्रार मागे घेतो हळूहळू. पण तू हे वर बोलायचं नाही."

"नुसतं गप्प बसून तिच्यावरचं कसं जाईल? आख्ख्या गिरगावात झालंय, जेनच्या वाइनने माणूस मेला. तिला कोणी विचारायचं बंद झालंय, निलेश."

"माझ्या पोरीच्या लग्नाचं बोलणं चाललंय. ते कणकवलीचे लोक आहेत. हे नाव ऐकलं की उठून जातील. तू विसरलीस आईच्या वेळचं? नळावर बायका बादली उचलून बाजूला व्हायच्या. चाळीच्या कमानीखाली कोणी आपल्याबरोबर खेळायचं नाही. त्यासाठीच बाबांनी लपवलं ना? मग तूच कशाला त्यांच्या पाठी—" तो थांबला. "दमा म्हणत आलो आपण. काय बिघडलं त्याने?"

मी विसरले नव्हते. आईचा खोकला, तिची वेगळी ताटली, रोज तिन्हीसांजेला चढणारा ताप. आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे बाबांनी शिकवून ठेवलेलं. दमा. शाळेत, ऑफिसात, डॉक्टरांच्या फॉर्मवरसुद्धा मी दमाच सांगत आले. तो शब्द बाबांनी आमच्यासाठी बांधलेली भिंत होती. पुढे त्याच भिंतीआड ते एकटे राहिले. पाच महिने मी दोन हातांवर होते आणि ते गोळी घ्यायला लालबागहून गिरगावला जात होते.

"बाबा गेले ते रोगाने नाही," मी म्हणाले. "ते बरे होत होते. ते जवळच्या कुणाला विचारू शकले असते, त्यांनी मला विचारलं असतं, तर बुद्धभूषणने एका मिनिटात बांगड्यावर बोट ठेवलं असतं. ते विचारूच शकले नाहीत, निलेश. आपल्या घरात तो शब्दच नव्हता."

वरून कोणीतरी हाक मारली, चला, सगळे आलेत.

हॉल भरला होता. बाबांच्या फोटोला हार घातलेला. पूर्वी आली होती, तिच्याशेजारी नेरिसा आणि तिचा नवरा. गिरणीतले उरलेसुरले म्हातारे पुढच्या रांगेत. आणि सगळ्यात मागे, दाराला लागून, क्रिसच्या हाताला धरून जेन आंटी. काळा पोशाख घातला होता. त्या दोघांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एवढ्या गर्दीत तेवढ्याच.

बाबुराव, मंडळाचे अध्यक्ष, माइकवर म्हणाले, "धोंडूच्या बाबतीत काय झालं, हे आता निलेश सांगेल."

निलेश उठला. माइकपाशी गेला. त्याने मागे जेन आंटींकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या मुलीकडे. लोक चुळबुळायला लागले.

"ताई सांगेल," तो म्हणाला आणि माइक माझ्या हातात दिला. पण तो तिथून हलला नाही. माझ्या बाजूला उभा राहिला.

बाबुराव पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आले, मी हातानेच नको म्हटलं.

"माझ्या वडिलांनी जेन आंटींकडे वाइन घेतली नव्हती," मी म्हणाले. "त्यांच्या ग्लासात कोकम होतं. फोटोत दिसतं, ज्यांना बघायचंय त्यांनी नंतर बघा. ते गेले ते औषधाबरोबर न चालणारा खारा बांगडा खाल्ला म्हणून. औषध चालू आहे हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. एकट्या जेन आंटींना माहीत होतं, आणि पोलिसांनी चौकीत बसवलं तरी त्या बोलल्या नाहीत, कारण बाबांनी त्यांना शपथ घातली होती."

पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "औषध कशाचं?"

निलेशचा हात माझ्या कोपराला लागला. त्याने मला थांबवलं नाही.

"टीबीचं," मी म्हणाले. "माझ्या बाबांना टीबी होता. आणि माझी आई, अंबिका पालव, जिला या चाळीत सगळ्यांनी पाहिलंय, तिला दमा नव्हता. तिलाही टीबी होता."